संथ पंखा

'कूलर' म्हटले की नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना खिडकीतले ओले वाळे आणि त्यांचा वास आठवेल. आमच्या पेडण्यात तो कूलर चालत नाही. पाण्याची वाफ होताना हवा गार होते, एवढेच त्याचे इंगित. आणि आमच्या हवेत पाणी आधीच इतके असते की आणखी वाफ घ्यायला ती राजी नसते. म्हणून मी 'कूलर आणायचाय' म्हटल्यावर घरात सगळ्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. मला हवा होता तो संगणकाच्या पोटातला, प्रोसेसरच्या माथ्यावर बसणारा कूलर.

डोके चालवले की ते तापते, हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. प्रोसेसरचेही तसेच. ३८६ च्या पिढीतल्या चिपा पंख्याशिवाय चालत. १९९३ साली पेंटियम आला आणि पंखा जवळजवळ नित्याचा झाला. आज साध्या घरगुती प्रोसेसरवर ६५ वॉट असा आकडा असतो. साठाच्या दिव्याला हात लावून पोळलेल्या पिढीला त्याचा अर्थ कळेल. फक्त इथे ती उष्णता नखाएवढ्या जागेतून निघते. ती बाहेर गेली नाही, तर शंभर अंशांच्या आसपास चिप स्वतःच आपला वेग कमी करते. म्हणून तिच्यासोबत अनेकदा एक छोटा पंखा मिळतो. तो काम करतो, पण बोलतो फार.

एरवी मी तिकडे लक्षही दिले नसते. हायस्कूलच्या मुख्याध्यापकाचे कान गोंगाटाला सरावलेले असतात. पण गेल्या वर्षी आईच्या ओव्या उतरवून घ्यायला बसलो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. आमचे घरातले बोलणे कोकणी, वाचणे मराठी. तिच्या ओव्यांत दोन्ही अशा मिसळल्या आहेत की सांधा सापडत नाही. जाते केव्हाच परसात गेले, ओव्या मात्र तिच्यापाशी राहिल्या. मोबाइलवर करून पाहिले; पण मोबाइल पुढे धरला की मुंबईच्या नातवाशी बोलावे तशी ती ओरडून बोलते. शेवटी संगणकाला माइक जोडला. ऐकताना लक्षात आले, की तिचा आवाज आता फार खाली आला आहे. ओवीच्या शेवटचा, श्वासावर विरणारा शब्द पंख्याच्या घरघरीत बुडून जात होता. आवाज गाळणारे सॉफ्टवेअर वापरले, तर त्याने घरघरीबरोबर श्वासही गाळला. तेव्हा घरघर मुळातच कमी करायला हवी होती.

म्हापशात माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्त करतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, पंखो व्हडलो घेयात, ताका इतलें धांवचें पडचें ना."

सगळे शास्त्र या वाक्यात आले. ९० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ पावणेदोन पट. तेवढाच वारा तो संथ फिरून देतो. गती निम्मी झाली तर पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, असा ठोकताळा आहे. आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो.

त्याने दिलेला कूलर म्हणजे पातळ पत्र्यांचा एक मनोरा. त्यातून तांब्याच्या बंद नळ्या जातात. नळीत थोडे पाणी असते. खाली, चिपेपाशी त्याची वाफ होते, वर पत्र्यांपाशी ती निवते, आणि पाणी पुन्हा खाली झिरपते. पातोळ्या उकडताना झाकणाला थेंब जमतात ना, तसेच. पाणी पंपाने फिरवणारे कूलरही त्याने दाखवले. पण पंपाची कुरकुर वेगळी आणि बसवायचा खटाटोप वेगळा. ६५ वॉटांसाठी ते घेणे म्हणजे दोघांच्या भाताला लग्नाचा हंडा.

ज्यांना हे घरी करायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. विकत घेण्यापूर्वी कॅबिनेटची आतली जागा मोजावी. मनोरा उंच असतो आणि झाकण लागत नाही. रॅमच्या पट्ट्यांना तो अडत नाही ना, हेही पाहावे. पंखा चार तारांचा घ्यावा, म्हणजे उष्णता पाहून गती कमी-जास्त होते. कूलर बोर्डाला कसा बसतो, हे विचारावे. इंटेलच्या २००४ पासूनच्या बोर्डांवर सोबतचा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतो. खुंटी दाबताना बोर्ड वाकतो आणि एखादी अर्धवट राहते. स्क्रूचा कूलर पक्का, पण त्यासाठी बोर्डाच्या पाठीला पट्टी लागते. माझ्या एएमडीच्या बोर्डाला ती आधीपासूनच होती, म्हणून बोर्ड बाहेर काढावा लागला नाही.

जुना कूलर काढण्याआधी संगणक दहा मिनिटे चालवून बंद केला, म्हणजे आतली पेस्ट मऊ होते. मग किंचित पिळून तो उचलला. ओढून काढला तर प्रोसेसरही सोबत उपटून येतो. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. कूलरच्या तळाचा पारदर्शक कागद सोलला आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. पाऊण तास लागला.

माझी शाळा डिचोली तालुक्यात. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत ट्रकांची तांबडी धूळ आमच्या संगणक कक्षात शिरत असे आणि पत्र्यांच्या फटी बुजवत असे. फटी बुजल्या की वारा अडतो, पंखा धावू लागतो, आवाज चढतो. म्हणून आता घरीही दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रश फिरवतो. पंखा बोटाने धरून.

आता माइकमध्ये दुसरे आवाज येतात. भिंतीवरचे घड्याळ, आईच्या काकणांची किणकिण, २०२३ पासून मोपाहून उडणारी विमाने. विमान आले की ती थांबते, ते गेले की ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हणते. शेवटचा शब्द मात्र नीट ऐकू येतो. एकशे बारा ओव्या झाल्या आहेत. अजून किती आहेत, ते तिलाही ठाऊक नाही. रविवारी दुपारी तिची पेज झाली की आम्ही बसतो.