पासष्ट टक्के

जानेवारीत मिनियापोलिसमध्ये दाराच्या पितळी मुठीला हात लावायची धास्ती वाटते. चट्कन ठिणगी उडते. ओठ फुटतात, लाकडी जमिनीच्या फळ्यांत फटी पडतात, आणि रात्री स्वेटर काढताना अंधारात स्वतःचीच आतषबाजी दिसते. बाहेर उणे २० असतं तेव्हा घनमीटरभर हवेत पाण्याची वाफ मावते जेमतेम १ ग्रॅम. तीच हवा घरात शिरते, फर्नेस तिला २१ अंशांपर्यंत तापवते, आणि आता तिच्यात १८ ग्रॅम मावू शकतात. गाठीला मात्र तो एकच. आंघोळी, भाताचा कुकर, आमचे श्वास यांतून थोडी भर पडते, तरी तिची तहान काही भागत नाही. मग ती दिसेल तिथून पाणी शोषत सुटते. कातडीतून, कुंडीतल्या मातीतून, सतारीच्या भोपळ्यातून आणि माझ्या सिगारच्या पेटीतून.

सगळ्या घरालाच ओल द्यावी म्हटलं तर तेही जमत नाही. ह्युमिडिफायर जरा जास्त चालवला की खिडकीच्या काचांवर आतल्या बाजूने बर्फ धरतो, मग चौकटी कुजतात, भिंतीत बुरशी शिरते. त्यामुळे घराने कोरडंच राहायचं आणि एका पेटीपुरता पावसाळा सांभाळायचा, असा इथला हिवाळी करार आहे.

मी रत्नागिरीकडचा. आमच्या घरात ओल ही जन्माची वैरीण होती. आषाढ लागला की पापडांचे डबे फडक्याने आवळून बांधायचे, चपलांवर हिरवी बुरशी, कपाटातल्या पुस्तकांना कुबट वास, आणि मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी. आई आगरी मिठाचा नाद सोडत नसे आणि दर पावसाळ्यात त्या बरणीवर चिडतही असे. अशा घरातला मुलगा आता उशाशी आर्द्रतामापक ठेवून झोपतो आणि काटा खाली आला की कासावीस होतो, हे तिला फोनवर सांगितल्यावर ती बराच वेळ हसत होती.

पण ते मीठच आता माझ्या कामी येतं. दुकानातला आर्द्रतामापक खरं बोलेलच असं नाही, सिगारच्या पेटीच्या झाकणात बसवलेले गोल, सोनेरी काट्याचे तर बहुतेक शोभेचेच. त्यांची परीक्षा घ्यायची रीत अशी: बाटलीच्या बुचात साधं टेबल सॉल्ट घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं. विरघळू द्यायचं नाही, पाणी जास्त झालं तर पुन्हा मीठ. ते बूच आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचे. सकाळी आकडा ७५ हवा. ओल्या मिठाच्या सान्निध्यातली कोंडलेली हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, कोणी काही केलं तरी. माझा मापक ७१ दाखवतो, म्हणजे मी त्याच्या प्रत्येक बोलण्यात चार मिळवायचे. आईची बरणी का पाझरायची तेही इथेच कळलं. हवा ७५ च्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं, आणि आगरी मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे त्याला तेवढाही धीर निघत नाही.

हवेतली ओल मोजायला जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाचा केस वापरला होता. तेलकटपणा काढून टाकलेला केस ओलीत किंचित लांबतो, कोरड्यात आखडतो, आणि त्याला बांधलेला काटा फिरतो. पुढे त्याच जिनिव्हात झिनो डाविडॉफ या सिगारविक्रेत्याने दुकानाच्या तळघरात सिगारसाठी दमट हवा राखायची सोय केली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मला आपलं त्या गावाचं कौतुक वाटतं.

माझी पेटी साधीच आहे, पण आतून स्पॅनिश सीडरची. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं. झाकण उघडलं की गोडसर, मिरमिरीत वास येतो. हे लाकूड स्वतः पाणी पितं आणि हळूहळू परत देतं, म्हणून नव्या पेटीत थेट सिगार ठेवल्या तर लाकूड आधी त्यांनाच शोषून घेतं. आधी दोन आठवडे ८४ टक्क्यांची पाकिटं ठेवून लाकडाचं पोट भरायचं. ही पाकिटं इथल्याच मिनेसोटातल्या बोवेडा कंपनीची. आत क्षारांचं द्रावण, हवा कोरडी असली तर ओल सोडतं, जास्त झाली तर परत घेतं. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने चालणारी पाकिटं जानेवारीत बघता बघता आटतात. बोटांनी चाचपायचं. मऊ असेल तर ठीक, आत खडे लागू लागले की बदलायचं. झाकणही याच दिवसांत दगा देतं, कारण कोरडं लाकूड आक्रसतं. डॉलरची नोट फटीत धरून झाकण लावायचं. ती सुळ्ळकन निघून आली तर ओलही तशीच निघून जाते आहे.

बरेच जण ७० टक्के धरतात, मी ६५. ओल वाढली तर सिगार नीट पेटत नाही, ओढताना दम लागतो, बुरशीचीही भीती. कमी झाली तर ती भराभर आणि तापून जळते, पानातली सुगंधी तेलं उडून जातात, आणि सगळ्यात आधी तडकतं ते वरचं, सगळ्यात पातळ आणि सगळ्यात महाग पान.

गंमत अशी की एवढा खटाटोप असतो तेव्हा ओढायची मात्र सोय नसते. घरात बंदी आहे आणि ती योग्य आहे. बाहेर उणे २० मध्ये तासभर कोण बसणार? नोव्हेंबरपासून नुसती राखण. डॉक्टरांना विचारलं तर बारा महिने हिवाळाच पाळ म्हणतील, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण खरं सांगायचं तर उन्हाळ्यातल्या धुरापेक्षा मला ही राखणच जास्त आवडू लागली आहे.

डिसेंबरात एका मित्राने ड्रॉवरमध्ये विसरलेली सिगार आणून दिली, खारकेसारखी वाळलेली. ओलं फडकं गुंडाळू का, म्हणाला. मी नको म्हटलं. वरचं पान आधी फुगतं, आतली पानं मागे राहतात, आणि एकदम पाणी मिळालं की सिगार उभी फाटते. म्हणून तिला वेगळ्या बरणीत, आधी ६२ च्या पाकिटासोबत ठेवली आहे, काही आठवड्यांनी ६५ वर नेईन. उडालेली तेलं काही परत येणार नाहीत, हे त्याला सांगितलं आहे. तरी त्याचा दर रविवारी फोन येतो, “झाली का रे?” आता एप्रिलपर्यंत विचारू नकोस म्हटलंय.