एकपात्रीतलं दुसरं पात्र

एकपात्री प्रयोगाच्या जाहिरातीत याचं नाव कधी छापत नाहीत. पण टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लागला की पहिली हाक याच्यासाठी असते. "प्रोजेक्टर जपून उतरवा रे!" नटाची बॅग नटानंच उचलायची असते.

तालमीला हा सहसा येत नाही. भाडं दिवसावर असतं, त्यामुळे महाशय थेट प्रयोगाच्या दिवशी उगवतात. तोवर नट बिचारा रिकाम्या भिंतीकडे हात करून "हा बघा समुद्र" म्हणत असतो. समुद्र येतो प्रयोगाच्या दुपारी, आणि तोही एका अंगाला कललेला. मग कुणी शिडीवर चढतं, कुणी याच्या पायाखाली घडी घातलेला कागद सरकवतं, "थोडं डावीकडे, अजून थोडं" असा घोष चालू होतो. सगळं जुळलं असं वाटेस्तोवर पडद्यावर निळ्या रंगात 'नो सिग्नल' उमटतं. नाटकात एवढं खणखणीत वाक्य लेखकालाही सुचलेलं नसतं.

घराणं मात्र जुनं आणि खानदानी. 1892 साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' लोकांसमोर आणली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा, जोडीला निवेदन आणि गाणी. त्याच वर्षी लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी पॅरिसच्या रंगमंचावर एकटी उभी राहिली. अंगावर वारभर नव्हे, थानभर रेशीम, आणि त्याच्या लाटांवर रंगीत दिव्यांचे झोत. पुढे तिनं त्या रेशमावर काचेवरची चित्रंही खेळवली. हे आपल्या पात्राचे आजोबा. त्यांच्यात एक गुण होता. काच हातानं सरकवावी लागायची, आणि तो हात ज्याचा असे त्याला निवेदकाचा आवाज आणि प्रेक्षकांचा हशा दोन्ही ऐकू येत. नातवानं घराण्याची सगळी इस्टेट घेतली, हा कान तेवढा घेतला नाही.

नातवाचा पहिला दुर्गुण म्हणजे मत्सर. प्रकाशयोजनाकाराशी याचं हाडवैर. नटाच्या तोंडावर समोरून चांगला स्पॉट टाकला, की त्याचा उजेड पडद्यावर सांडतो आणि याचं चित्र धुतल्यासारखं फिकं पडतं. मग तडजोड होते, आणि ती नेहमी नटाच्या अंगावर शेकते. "तुमचा लाइट जरा खाली घेऊ या का?" शेवटी पडदा झगमगतो आणि तिकीट काढून ज्याला बघायला आलो तो अंधारात चाचपडतो.

दुसरा दुर्गुण, लक्ष वेधून घेण्याची खोड. नट आईच्या मृत्यूचं सांगतोय, अख्खं प्रेक्षागृह गप्प, आणि मागच्या चित्रात झाडाचं एक पान हलतं. संपली आई. सातशे डोळे पानावर. छोट्या हॉलमध्ये त्या शांततेत याचा पंखाही घुमतो, तो वेगळाच.

आणि काळोख? तो याला जमतच नाही. संपूर्ण काळं चित्र दिलं तरी हा पडद्यावर राखाडी चौकोन ठेवतोच. ब्लॅकआउटमध्ये नट अंदाजानं विंगेत जातो आणि हा मात्र रंगमंचावर रेंगाळतो. महागड्या यंत्रांना त्यासाठी झडप असते. बाकी ठिकाणी बूथमधला पोरगा भिंगासमोर पुठ्ठा धरतो. आधी वर ठेवलेला पुठ्ठा, क्यू आला की हळूच खाली, पुढचं चित्र आलं की पुन्हा वर. प्रयोगभर त्या पोराची नजर नटावरून हलत नाही. नीट पाहिलं तर खरा सहकलाकार तोच.

याच्या अंगचे दोष ओळखून त्याला कामाला लावणारेही आहेत. नट झोतासमोर आला की पडद्यावर त्याची सावली पडते. बहुतेक दिग्दर्शक त्यापायी डोक्याला हात लावतात. मिवा मात्रेयेक ही अमेरिकेतली कलावती मात्र पडद्यामागे उभी राहते आणि स्वतःची सावलीच ॲनिमेशनमध्ये पात्र म्हणून सोडते. तिच्या सावलीच्या तळहातावर शहरं उगवतात. इथे यंत्राला मिरवायला वावच नाही. सावली नसेल तर चित्र अर्धवट.

पण मूळ स्वभाव जात नाही. हा ऐकत नाही. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे एकट्यानं पन्नासावर माणसं उभी करायचे. हशा लांबला की थांबायचे, विरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचे. प्रोजेक्टरला हशा म्हणजे काय ते ठाऊक नाही. व्हिडिओ बारा सेकंदांचा असेल तर बारा सेकंदांनी तो संपणार, मग प्रेक्षक हसोत की झोपोत.

विन्सर मॅके या व्यंगचित्रकाराला हे 1914 सालीच कळलं होतं. शिकागोच्या रंगमंचावर तो चाबूक घेऊन उभा राही आणि मागे पडद्यावर गर्टी नावाची डायनासोर त्याचे हुकूम पाळी. तो रागावला की ती रडायची, त्यानं सफरचंद फेकल्यासारखं केलं की ती पकडायची. शेवटी तो पडद्याआड जाई आणि चित्रात शिरून तिच्या पाठीवरून निघून जाई. लोकांना वाटे, काय आज्ञाधारक जनावर! प्रत्यक्षात फिल्म एकाच वेगानं पळत होती आणि आज्ञा पाळत होता तो चाबूकवाला.

तेव्हा एकपात्रीत याला घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, माणूस रंगतदार आहे. फक्त अख्खा प्रयोग एका सलग व्हिडिओवर बांधू नका. चित्रांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचं बटण अशा कुणाच्या तरी हाती द्या जो पहिल्या दिवसापासून तालमीला बसलाय. बजेट कमी पडलं तर प्रोजेक्टर एक नंबर लहान आणा. त्या बटणावरच्या माणसाचं मानधन मात्र कापू नका.