पैनगंगेच्या अलीकडचे परदेश

एकट्याने परमुलुखात जाणारा आणि घोळक्याने जाणारा, हे दोघे एकच देश पाहत नाहीत. घोळका आपला देश बरोबर घेऊन फिरतो. आपली भाषा, आपल्या जेवणाच्या वेळा, हसण्याचे विषय, रुसवेफुगवे सगळे सोबत असते. अडचण आली तर ती आपसांत सुटते, आणि तिथला माणूस गाडी हाकण्यापुरता किंवा ताटात वाढण्यापुरताच समोर येतो. एकट्याला ही सोय नसते. प्यायचे पाणी, पुढचा रस्ता, रात्रीचा आसरा यांतले काहीही परक्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या पदरात पडत नाही. हे परावलंबन एकट्याच्या प्रवासातली उणीव मानले जाते. खरे तर तेच त्याचे मोठे भांडवल असते, कारण ज्याच्यावाचून आपले अडते त्याच्याकडे माणूस नीट बघतो.

मराठीत याचे ठळक उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या साखवाळचे कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले ते बुद्धाचा धर्म शिकायचा एवढा एकच हेतू धरून. पुणे, ग्वाल्हेर करत ते काशीला पोचले आणि तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळ, बोधगया आणि १९०२ मध्ये सिलोन. तिथल्या विद्योदय विहारात त्यांनी पालीचा अभ्यास केला, भिक्षूची दीक्षा घेतली आणि नंतर ते ब्रह्मदेशात गेले. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात हा सारा प्रवास आला आहे. भिक्षापात्र घेऊन परक्या गावाच्या दारात उभे राहणे हे प्रवाशाच्या परावलंबनाचे टोकच. त्याच सिलोनमध्ये १९४३ ते १९४७ या काळात लोकनायक बापूजी अणे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहिले. अणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे. सरकारच्या प्रतिनिधीला देश कागदपत्रांतून, भेटीगाठींतून, राजशिष्टाचारातून कळतो. भिक्षूला तो दारोदार कळतो. राज्यकारभाराला पहिल्या ज्ञानाची गरज असतेच, पण एकट्या प्रवाशाची जात दुसऱ्या ज्ञानाची.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. शाळा, संसार, धर्म, बायकांच्या संस्था कशा चालतात हे त्यांना इतक्या बारकाईने दिसले, कारण त्या तिथल्या लोकांत राहिल्या. अलीकडच्या काळात मीना प्रभु यांनी ‘दक्षिणरंग’पासून ‘गाथा इराणी’पर्यंत एकेका मुलखावर एकेक पुस्तक लिहून मराठी वाचकाला, विशेषतः मराठी बाईला, एकटीने जग पाहण्याचा धीर दिला. या परंपरेचा एक अर्थ मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. परमुलूख गाठायला दरवेळी समुद्र ओलांडावा लागत नाही.

विदर्भातला एक यवतमाळ जिल्हाही त्यासाठी पुरतो. त्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६. एका बाजूने वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडे काही भागात तेलंगण. यवतमाळच्या बसस्थानकावर वऱ्हाडी ऐकू येते. दिग्रस, पुसद, महागावच्या बंजारा तांड्यांत गोरबोली चालते. घाटंजी, राळेगाव, केळापूरच्या पट्ट्यात गोंडी आहे. मारेगाव, झरी-जामणी आणि केळापूरच्या कोलाम वस्त्यांत कोलामी आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गाने पांढरकवडा मागे टाकून पाटणबोरीकडे निघाले की दुकानांच्या पाट्यांवर आणि माणसांच्या तोंडी तेलुगू यायला लागते. यांपैकी वऱ्हाडी आणि गोरबोली एका भाषाकुळातल्या, तर गोंडी, कोलामी, तेलुगू द्राविडी कुळातल्या. लिस्बनहून मॉस्कोला जाणारा माणूस साऱ्या वाटेवर एकाच भाषाकुळात राहू शकतो. दिग्रसहून सकाळच्या एसटीने निघून झरीला जाणारा दुपारपर्यंत कूळ ओलांडतो.

वऱ्हाडातल्या गावात एकट्या पाहुण्याला पहिला प्रश्न येतो तो “कोन्या गावचे?” आणि त्याला लागूनच दुसरा, “सोबत कोनी नाई काय?” दुसऱ्या प्रश्नात संशय थोडा आणि काळजी अधिक असते. या मुलखात माणूस एकटा फिरतो तो तीन कारणांनी: सरकारी कामाला, सोयरीक पाहायला किंवा घरात भांडण झाले म्हणून. नुसते पाहायला आलो हे उत्तर लोकांना पटायला वेळ लागतो. तोवर चहा येतो, आणि जेवणाची वेळ असेल तर भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पाहुण्याने कुठून आलो, घरी कोण कोण, शेती किती हे सांगितल्याशिवाय त्याला गावाबद्दल काही विचारता येत नाही, आणि हा सौदा न्याय्य आहे. घोळक्याने येणारे हा सौदा चुकवतात. ते विचारतात, टिपून घेतात, फोटो काढतात आणि स्वतःबद्दल काही न सांगता निघून जातात.

तांड्याची गोष्ट निराळी. बंजारा समाज पिढ्यान् पिढ्या प्रवास करत आला, पण एकट्याने कधीच नाही. लदेणीच्या बैलांवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे देशभर फिरत. सैन्यांच्या छावण्यांना धान्य पुरवण्याचे कामही त्यांच्याकडे असे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, पक्के रस्ते झाले आणि लदेणीचा व्यवसाय मोडला. तांडे पुसद-दिग्रसच्या माळांवर स्थिरावले, शेतीला लागले. त्यांतल्याच गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वस्ती स्थिर झाली तरी तिला तांडाच म्हणतात, आणि तिचा कारभार पाहणारे नाईक व कारभारी ही पदेही चालत आली. या समाजात एकटेपणाचा प्रवास एकच, तो नवरीचा. लग्नानंतर तांडा सोडताना ती आईबापाच्या, सख्यांच्या गळ्यात पडून जे गाते त्याला ढावलो म्हणतात. त्यात माहेर सुटण्याचे दुःख असते आणि परक्या तांड्यात जाण्याची धास्ती असते. प्रवासवर्णनांच्या यादीत ढावलो कोणी धरत नाही. धरायला हवा, कारण परमुलुखाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या एकट्या जिवाचे मन इतक्या उघडपणे फार थोड्या लेखनात उतरले आहे.

जिल्ह्यात सर्वांत परके वाटते ते कोलामांचे पोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, बहुधा मूळ गावापासून थोडी अलग, डोंगराच्या किंवा जंगलाच्या कडेला. जुन्या पद्धतीचे घर कुडाचे असते. बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या विणून भिंत उभी करतात आणि तिला आतून-बाहेरून शेणमातीचा गिलावा देतात. पावसाळ्यानंतर जिथे गिलावा सुटलेला असतो तिथे आतली वीण दिसते, आणि टोपल्या विणणाऱ्या हातांनीच भिंतही विणली आहे हे ध्यानात येते. पोडाची चावडी ही सगळ्यांची जागा. परका माणूस आला की त्याला तिथे बसवतात आणि नाईकाला निरोप जातो. नाईक येईपर्यंतचा वेळ एकट्या प्रवाशाला पुष्कळ शिकवतो. माणसे त्याच्याशी वऱ्हाडीत बोलतात आणि त्याच्याविषयी आपसांत कोलामीत. पोरे खांबाआडून बघतात. पाहायला आलेला माणूस इथे पाहिला जातो. बरोबर चार सोबती असते तर त्याने त्यांच्याकडे बघून हसून वेळ काढला असता. एकट्याला ती पळवाट नसते, आणि आपल्याकडे कोणी पारखून पाहत असताना स्वस्थ बसून राहणे ही परक्या संस्कृतीत शिरण्याची खरी पहिली पायरी आहे.

महाराष्ट्र सरकारच्या यादीत कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड हे तीन समाज आदिम जमाती म्हणून नोंदलेले आहेत. योजनांसाठी अशी नोंद लागते, परंतु प्रवाशाने ती डोक्यात ठेवून पोडावर जाऊ नये. ‘आदिम’ हा शब्द मनात असला की डोळे जुनाट तेवढेच शोधतात. चावडीवर मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो, कापसाच्या भावाची चर्चा चाललेली असते, हे मग दिसतच नाही.

या मुलखाने एकट्या प्रवाशाला शिकवण्यासारखी एक मोठी गोष्ट राखून ठेवली आहे, आणि ती समजायला पैनगंगेच्या दोन्ही काठांकडे पाहावे लागते. ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना हैदराबाद संस्थानात राहावे लागले. त्या सक्तीचे त्यांनी सोने केले. आदिलाबादच्या डोंगरांतल्या मारलवाई या गोंड गावात ते पत्नी बेटी यांच्यासह राहिले आणि १९४८ मध्ये त्यांचा राजगोंडांवरचा ग्रंथ निघाला. बेटी यांची समाधी मारलवाईतच आहे. याच सुमारास सेतुमाधवराव पगडी हे मराठी अधिकारी आदिलाबादेत गोंडी आणि कोलामी शिकले, आणि १९५० मध्ये त्यांनी कोलामीचे व्याकरण लिहिले. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी वर्धेकडच्या कोलामीवर काम करून १९५५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषा शिकल्यामुळे या माणसांना बाहेरून न दिसणारी एक व्यवस्था दिसली. गोंड आणि कोलाम शेजारी असले तरी त्यांच्या भाषा वेगळ्या. तरीही त्या डोंगरांतल्या स्थानिक देवांची पूजा करण्यासाठी गोंड कोलामांना बोलावतात, कारण या मातीच्या देवांशी कोलामांचे नाते जुने मानले जाते. गोंडांचा कुळाचार आणि पूर्वजांच्या कथा प्रधान या तिसऱ्या समाजाचे लोक जपतात. किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने ते त्या गोंडीत गातात, पण तिथल्या प्रधानांची घरातली बोली मात्र मराठी.

म्हणजे एका समाजाचा देव दुसऱ्याच्या हाती आणि त्याचा इतिहास तिसऱ्याच्या गळ्यात. परकेपण इथे भिंतीसारखे उभे नाही, ते व्यवहारात गुंतलेले आहे. प्रत्येक समाज आपली भाषा, आपले घर, आपली रीत वेगळी राखतो आणि काही महत्त्वाच्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर विसंबतो. एकटा प्रवासी पाण्यासाठी आणि आसऱ्यासाठी परक्यावर विसंबतो, तेव्हा तो या मुलखाच्या रीतीबाहेरचे काही करत नसतो. उलट, ‘मला कोणाची गरज नाही’ असे समजून स्वतःची पाण्याची बाटली आणि स्वतःचा डबा घेऊन येणारा इथे खऱ्या अर्थाने उपरा ठरतो.

जंगलाचा प्रश्न या सगळ्यात अटळपणे येतो. राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या कोलामांच्या वाटाच तुटल्या. या हद्दींविरुद्धचा राग वऱ्हाडात १९३० मध्ये जाहीरपणे उमटला. त्या जुलैत पुसदजवळ बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह झाला. माणसांना हद्दी पाळाव्या लागतात. केळापूर आणि घाटंजी परिसरातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये एक तरुण वाघ निघाला, त्याला अशी कोणतीच हद्द ठाऊक नव्हती. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणात शिरून, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, शेते, रस्ते आणि वस्त्या रात्रीच्या अंधारात टाळत तो त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची सगळी भटकंती मोजली तेव्हा ती सुमारे ३००० किलोमीटर भरली. लोकांनी त्याला ‘वॉकर’ हे नाव दिले. यवतमाळ जिल्ह्यातून निघालेला हा सर्वांत प्रसिद्ध एकटा प्रवासी. पण त्याचा प्रवास माणसाच्या प्रवासाहून मुळातच वेगळा, कारण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला टाळणे हेच त्याच्या तगण्याचे साधन होते.

माणसांतल्या एकट्या प्रवाशांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पोडावरचे पोर सहा-सात वर्षांचे झाले की पुष्कळदा आश्रमशाळेत जाते. आईबाप कापूस वेचणीत, मजुरीत, आणि शाळा दूर, म्हणून मुक्काम तिथेच. तिथली भाषा पुस्तकातली मराठी, म्हणजे पोडावर ऐकलेल्या वऱ्हाडीहूनही वेगळी. जेवणाची वेळ घंटेने ठरते. देव वेगळे, गाणी वेगळी, झोपायला लांबलचक खोली आणि तीत अनोळखी पोरे. प्रौढ प्रवासी परमुलुखात आपल्या मर्जीने जातो, आणि कंटाळा आला की परततो. या मुलाला दोन्हीची मुभा नाही. तरी ते काही महिन्यांत तिथली भाषा बोलू लागते, आणि सुट्टीत पोडावर आले की आजीसाठी सरकारी कागद वाचून दाखवते.

२०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाहून थोडेच अधिक आहेत. गोरबोलीची मोजणी तर हिंदीच्या पोटात होते. आश्रमशाळेतून निघालेली मुले पुढे पांढरकवड्याला, यवतमाळला, तिथून नागपूर-पुण्याच्या वसतिगृहांत जातात. पुण्यात खोली शोधताना “गाव कुठलं?” या प्रश्नाला ती बहुधा ‘यवतमाळ’ एवढेच सांगतात. पोडाचे नाव, घरची भाषा, आडनावामागचे कूळ ती सांगत नाहीत, कारण विचारणाऱ्याला ते ऐकायचे असेल असे त्यांना वाटत नाही. या मुलांनी परमुलूख कसा पाहिला, मराठी माणसांत राहून त्यांना मराठी माणूस कसा दिसला, याचे प्रवासवर्णन मराठीत यायला हवे, आणि जमले तर कोलामीतही. कोसंबींनी सिलोन पाहिला, रमाबाईंनी अमेरिका पाहिली, त्याच योग्यतेचा हा प्रवास आहे.