फोन करायचा राहिला

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाई पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी त्यांच्याकडे वही घेऊन जायला लागलो. ऑफिसात बढती मिळाली, तशी रोज दहा-बारा इंग्रजी मेल लिहायची पाळी आली होती, आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं की छातीत धडधडायचं. तसं इंग्रजी मला अजिबात येत नाही असं नाही. पाचवीपासून शिकलोय. (मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, आमच्या वेळी ती पाचवीतच भेटायची.) पेपर वाचतो, सिनेमा कळतो. पण येणं आणि न येणं यांच्यामधल्या ओसरीवर माणूस वर्षानुवर्षं बसून राहतो. घरात कुणी बोलावत नाही आणि अंगणात परत जाववत नाही.

बाईंनी नेम लावून दिला. रोज झोपण्यापूर्वी दिवसाबद्दल दहा ओळी लिहायच्या. आधी मराठीत लिहून मग भाषांतर करायचं नाही. रविवारी वही दाखवायची.

पहिल्या रविवारी वही परत आली ती पानभर लाल काकपदं घेऊन. प्रत्येक काकपदावर एक इवलासा ‘द’, तारेवर चिमण्या बसाव्यात तसा. आपल्याला या ‘अ’ आणि ‘द’ची सवयच नाही. ‘कुत्रा भुंकला’ म्हटलं की कुठला कुत्रा ते ऐकणारा समजून घेतो. बाई म्हणाल्या, “पाहुणा पहिल्यांदा आला की ‘अ’. दुसऱ्यांदा आला की ‘द’. ओळख झाली ना आता!”

“मग सूर्य पहिल्या भेटीतच ‘द’ कसा?”

“अहो, त्याला कोण ओळखत नाही?”

दुसरी खोड त्यांनी लगेच हेरली. ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे,’ असं मी लिहिलं होतं. मी काल पुण्याला गेलो होतो, इतकी सरळ गोष्ट. बाईंनी विचारलं, “हॅड लिहिलंत. मग पुढे काय झालं?” म्हटलं, “काही नाही, परत आलो.” “मग हॅड कशाला?” इंग्रजीतला हा हॅड दोन घटनांपैकी आधीची कुठली ते सांगायला येतो: मी स्टेशनवर पोचलो, तोवर गाडी सुटली होती. आपल्या ‘होतो’ला अशी जोडीदारीण लागत नाही. जाऊन आलो, आता तिथे नाही, एवढंच त्याला म्हणायचं असतं. तेव्हापासून ऑफिसातल्या मराठी माणसांचे मेल वाचताना मी हॅड मोजतो. वाईट सवय आहे.

पण खरी गंमत वेगळीच होती. महिन्याभरानं वही चाळताना दिसलं, की डाव्या समासालगत ‘आय’ची रांग उभी आहे, एकाखाली एक, कुंपणाच्या खांबांसारखी. मराठीत मला भूक लागते, मला राग येतो, मला आठवतं, मला वाटतं. थंडीसुद्धा मला वाजते. सगळं कुठून तरी येतं आणि मला होतं. इंग्रजीत उतरवताना दर वेळी मलाच पुढे उभं राहावं लागत होतं. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘इच्’ असा होता. झिजत झिजत एका अक्षराचा उरला, आणि मग हस्तलिखितात हरवू नये म्हणून की काय, मोठ्या लिपीत ताठ उभा राहिला. तू, तो, ती, आम्ही यांतल्या कुणालाच तिथे हा मान नाही.

आपल्याकडे भूतकाळात तर ‘मी’ची आणखीच पंचाईत. मी आंबा खाल्ला, पण मी पोळी खाल्ली. खाणारा एकच, तरी क्रियापद चालतं ताटातल्या वस्तूच्या तालावर. ‘रामाने रावण मारला’ हा कर्मणी प्रयोग आपण बोलायला लागल्यापासून करतो, आणि शाळेत ‘चेंज द व्हॉइस’चा प्रश्न आला की घाम फुटतो. उलट ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ ही इंग्रजी वळणाची रचना. वाळंब्यांच्या व्याकरणात ती ‘नवीन कर्मणी’ म्हणून भेटते. नवीन कसली, आता ती सरकारी पत्रांतून आणि बातम्यांतून घरभर फिरते. ‘माझ्याकडून फाइल पाठवली गेली आहे’ असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो.

तर एका शनिवारी रात्री मी लिहिलं: ‘द फोन टू माय ब्रदर रिमेन्ड.’

बाई खळखळून हसल्या. “कुठे रिमेन झाला? टेबलावर?”

“दादाला फोन करायचा राहिला, असं म्हणायचंय.”

“कुणी केला नाही?”

“मी.”

“मग तसं लिहा ना.”

लिहिलं. ‘आय डिड नॉट कॉल माय ब्रदर.’ पाच-सहा शब्द, व्याकरण निर्दोष, वाचवेना मात्र. राहिला, राहून गेला, जमलं नाही, वेळच झाला नाही. किती आडोसे जवळ होते माझ्या! यात मराठीचा दोष नाही. ‘मी फोन केला नाही’ म्हणायला तिनं कधी बंदी केलेली नाही. आणि इंग्रजीलाही लपता येतंच की. आमचे साहेब चूक झाली रे झाली की पॅसिव्हमध्ये शिरतात. ‘इट वॉज ओव्हरलुक्ड’ असा त्यांचा मेल येतो आणि कुणाची नजर चुकली ते शेवटपर्यंत कळत नाही.

बाईंनी त्या ओळीवर काहीच खूण केली नाही. वही मिटून दिली.

जिना चढता चढता मी दादाला फोन लावला. वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते.

“दादा, तुझ्या वाढदिवसाला फोन करायचा...” इथवर आलो आणि अडखळलो. “केला नाही रे मी.”

“असू दे,” तो म्हणाला. “राहिला असेल.”