घर फिरलं की वासेही फिरतात!

मोटरहोम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? न्यूझीलंडची हिरवीगार कुरणं, निळाशार तलाव आणि गाडीच्या दारात कॉफीचा मग घेऊन बसलेलं एखादं गोरं जोडपं. बरोबर? आता या चित्रातून न्यूझीलंड काढा आणि तिथे परभणी जिल्हा टाका. कॉफीच्या मगऐवजी स्टीलचा पेला. आणि गोऱ्या जोडप्याच्या जागी मी, दादा, आमची आई आणि ड्रायव्हर काका. झाली आमची ट्रिप!

'कॅराव्हॅन घेऊन परभणीला? अगं, लडाखला जा, निदान कोकणात जा!' मित्रमंडळींचा हा डायलॉग मी किमान दहा वेळा ऐकला. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं बाहेरचे म्हणतात. आईचं त्यावरचं उत्तर ठरलेलं, 'जगात जर्मनी, भारतात परभणी!' तिचं माहेर जिंतूर तालुक्यातलं. आणि त्या माहेरी ती आठ वर्षांत गेलेली नव्हती.

कारण सांगायला थोडं अवघड आहे, पण तेच या ट्रिपचं खरं कारण आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. खाली बसता येत नाही, म्हणजे आपल्या पद्धतीचा संडास बाद. हायवेवर कमोड मिळेलच याची गॅरंटी नाही, आणि मिळाला तरी तो कसा असेल हे विचारू नका! त्यामुळे लांबचा प्रवास म्हटलं की आई आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करायची. पुढे पुढे तिने प्रवासच बंद केला. त्यात मामा गेले, घराला कुलूप लागलं आणि एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. राहायला जागा नाही, जायला सोय नाही. मग एक दिवस नेटवर भाड्याच्या कॅराव्हॅनची जाहिरात दिसली आणि डोक्यात ट्यूब पेटली. घर नाही ना? मग घरच घेऊन जाऊ!

पहिला धडा, वळणावर

गाडी होती मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली. चार जणांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, छतावर सोलर पॅनेल, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला, आमच्या दृष्टीने हीरो असलेला, कमोड. भाड्यात ड्रायव्हर काकाही आले, त्यामुळे एवढं धूड चालवायचं टेन्शन नव्हतं.

पहाटे पाचला पुणे सोडलं. पहिल्याच मोठ्या वळणावर ओट्यावरचा डबा उडाला आणि आईचे दडपे पोहे दादाच्या डोक्यावर! पाठोपाठ कपाटाची दारं उघडली, चमचे नाचले, कांदे सीटखाली गेले. 'घर फिरलं की वासेही फिरतात, ते हे,' आई म्हणाली आणि आम्ही फुटलो. घर चालायला लागलं की घरातली प्रत्येक वस्तू चालायला लागते. काकांनी शांतपणे सगळ्या दारांच्या कड्या लावून दाखवल्या. निघताना त्यांनी हेच सांगितलं होतं. आम्ही सेल्फी काढण्यात बिझी होतो.

नगर, पाथर्डी, माजलगाव असा रस्ता धरला. परभणी पुण्याहून चारशे किलोमीटरच्या आसपास, पण हे घर काही कारच्या स्पीडने पळत नाही. ढालेगावला गोदावरी ओलांडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पूल आला तशी आईने पर्समधून रुपया काढला, पण गाडीची काच पूर्ण उघडेना. काकांनी पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली, दादा चालत मागे गेला आणि आईच्या वतीने नदीला रुपया वाहून आला. पलीकडे पाथरी. साईबाबांच्या जन्मस्थानावरून 2020 च्या जानेवारीत शिर्डी बंद झाली होती, आठवतंय? तेच हे गाव.

पहिला मुक्काम एका पेट्रोल पंपाच्या आवारात, मालकाला विचारून. आणि इथे दुसरा धडा. तिघांनी मस्त शॉवर घेतले आणि रात्री नऊला टाकी ठणठणीत! शंभर लिटर म्हणजे घरच्या पाच बादल्या, हे गणित शाळेत शिकलो होतो, पण कळलं तेव्हा.

तिसरा धडा सकाळी. कमोडखालची टाकी बाहेर काढून रिकामी करायची असते. कुणी? अर्थातच आपणच! दादा आणि मी ती उचलून पंपाच्या संडासापर्यंत नेली, ओतली, धुतली. पाच मिनिटांचं काम. पण आयुष्यात पहिल्यांदा आपली घाण आपण उचलत होतो. आजवर हे काम कुणीतरी करत आलंय, पिढ्यानपिढ्या, हे डोक्याला माहीत होतं. त्या दिवशी हातांना कळलं.

बारवेच्या काठावर

सेलू तालुक्यातलं वालूर 'मस्ट सी' आहे. इथली बारव आपण पाहतो तशी चौकोनी नाही. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, वरून पाहिलं तर शंखात डोकावल्यासारखं वाटतं. गाळाने भरलेली ही विहीर गावकऱ्यांनीच साफ करून मोकळी केली. पायऱ्या आईला शक्य नव्हत्या. मग काकांनी गाडीतली फोल्डिंगची खुर्ची काठाजवळ मांडली, आम्ही खाली उतरलो आणि आई वरून आम्हाला सूचना देत बसली.

माहेरी

दुपारी आईच्या गावात शिरलो. शिरलो म्हणजे वेशीपर्यंतच. पुढची गल्ली अरुंद, वर विजेच्या तारा लोंबत होत्या आणि आमच्या छतावर सोलर पॅनेल. शेवटी घराच्या मागच्या शेताच्या कडेला गाडी लावली. शेतमालक आईला भावासारखे. 'ताई, गाडी कुठंबी लावा, विचारता काय?'

पाच मिनिटांत अख्खं गाव जमलं. पोरांनी फ्रिज उघडून पाहिला, बायकांनी ओटा पाहिला. गर्दीतून एक आजी काठी टेकत पुढे आल्या. आईची शाळेतली मैत्रीण. 'बेबे, कव्हा आलीस गं?' आमच्या आईला 'बेबी' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. आई त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली आणि कमोड दाखवला.

'अगं माय! गाडीतच संडास?' त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, 'घरी हाय ना आमच्या. पण बसता येईना गं आता.'

आई काही बोलली नाही. संध्याकाळभर ती पडक्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली होती. एकेक बाई येत होती, बसत होती, जात होती. कुणी बाजरीच्या भाकरी आणल्या, कुणी ठेचा, कुणी भेंडीची भाजी. भेंडीवरून आठवलं, ऐंशीच्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' नावाची भेंडी आणली. केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून ती देशभर गाजली. तेव्हा पुढच्या वेळी परभणीला नावं ठेवताना जरा जपून!

रात्री मला जाग आली तर आईचा बर्थ रिकामा. ती दाराशी बसून अंधारात पाहत होती. 'झोप येत नाही?' 'झोपायला आलेय का मी इथे?' ती म्हणाली. दूर कुठेतरी मोटर सुरू झाली. शेतीची वीज इथे पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याने रात्रीच पाणी द्यायचं, थंडी असो नाहीतर साप.

त्या पाण्याने सकाळी आमचीच विकेट काढली! दांड फुटून पाणी गाडीखाली आलं होतं आणि मागचं चाक काळ्या मातीत निम्मं रुतलेलं. काका जेवढा अ‍ॅक्सिलरेटर दाबत, तेवढं चाक खाली जाई. काळी माती ओली झाली की लोण्यासारखी होते. शेवटी ट्रॅक्टर आला, साखळी लागली आणि आमचं घर हलत-डुलत रस्त्यावर आलं. पैसे काढले तर मालक रागावले. 'माहेराहून लेक पैसे देऊन जाती का कुठं?'

जिंतूरला नेमगिरीच्या जैन लेण्या पाहायच्या होत्या. ठेंगण्या दारांतून वाकून आत जावं लागतं, म्हणून आईने पास दिला. पण जिंतूरच्या बाजारात तिने गाडी थांबवायला लावली. मेडिकलच्या दुकानातून एक कमोडची खुर्ची घेतली, साधी, घडीची. सोबत आलेल्या मैत्रिणीच्या नातवाच्या हाती ती परत गावी पाठवली. 'तिला सांग, बेबीने माहेरची ओटी भरली.'

शेवटचा स्टॉप येलदरी. पूर्णा नदीवरचं हे धरण 1968 साली पूर्ण झालं. खाली छोटं वीजघर आहे, साडेबावीस मेगावॉटचं. धरणाच्या पाण्यावर सूर्य उतरत होता. न्यूझीलंड नसेल, पण चहा आमच्याच ओट्यावर केलेला होता.

पैशांचं म्हणाल तर भाडं, डिझेल, काकांचा भत्ता धरून गोव्याची चांगली ट्रिप झाली असती. वसूल झाले का? परतीच्या वाटेवर पाथर्डीच्या आसपास मी मागे वळून पाहिलं. आईच्या हातातली लिटरची पाण्याची बाटली रिकामी होती. तिने ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, 'दुसरी आहे का गं?'

जाणार असाल तर...

• राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण तुमच्या रूटवर असं पार्क आहे का, हे आधी फोन करून विचारा.

• गाडीची उंची तोंडपाठ ठेवा. लोंबत्या तारा आणि फांद्या तुमच्यासाठी वर होणार नाहीत.

• शॉवर विसरा. तांब्या-बादली झिंदाबाद!

• काळ्या मातीत, शेताच्या कडेला गाडी लावू नका. लावलीच, तर रात्री पाण्याची पाळी कुणाची आहे ते विचारा.

• संडासाची टाकी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला ओतू नका. पंपावर विचारा, लोक नाही म्हणत नाहीत.

• डिसेंबर-जानेवारी बेस्ट. आणि आईला सोबत न्या. तिची झोपमोड होईल, होऊ दे.