शाळा पाच मिनिटांवर, घर साडेतीनशे फुटांचं

शनिवारची सकाळ. परळमधल्या एका रिडेव्हलप झालेल्या बिल्डिंगचा नववा मजला. मी, नवरा आणि एजंट असे तिघं बेडरूममध्ये उभे होतो, आणि तेवढ्यातच बेडरूम भरली होती. नवऱ्याने टेप काढली. डबल बेड बसत होता. कपाटही बसत होतं. फक्त दोन्ही एकदम ठेवलं तर कपाटाचं दार उघडणार नव्हतं.

‘स्लायडिंग करून घ्या ना मॅडम,’ एजंट म्हणाला. ‘आणि इकडे या, खिडकीतून शाळा दिसते!’

खरंच दिसत होती. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटत होती, गेटवर आज्या आणि रिक्षावाले काका उभे होते. एजंटला आमचं दुखणं बरोबर कळलं होतं. आमची लेक अडीच वर्षांची आहे. पुढच्या जूनला नर्सरी. आणि गेले चार महिने आमच्या घरात एकच वाद चालू आहे: घर मोठं की शाळा चांगली?

आमचं बजेट एक कोटी तीस लाख. गावाकडच्या कोणाला सांगितलं तर तो खुर्चीतून पडेल, पण परळमध्ये या पैशात वन बीएचके मिळतो, तोही घासाघीस करून. एजंट साडेचारशे फूट म्हणत होता. रेराप्रमाणे कार्पेट किती, असं विचारल्यावर तो साडेतीनशेवर आला. (हा प्रश्न विचाराच. कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत.) तेवढ्याच पैशात ठाण्याला घोडबंदर रोडवर आम्हाला सहाशे पंधरा फुटांचा टू बीएचके मिळतोय. वर स्विमिंग पूल, क्लब हाऊस, सोसायटीत झाडं. लेकीला स्वतःची खोली. माझ्या कॉम्प्युटरला एक कोपरा, जो मी फ्रीलान्सर झाल्यापासून मागतेय.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ब्रोशरमध्ये ते लिहिलेलं नसतं. पंचाहत्तर लाखांच्या वरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे साडेबत्तीस लाख आमचे. त्यावर मुंबईत सहा टक्के स्टॅम्प ड्युटी, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. आणि ईएमआय ऐंशी हजारांच्या आसपास, वीस वर्षं.

नवरा ठाण्याच्या बाजूने आहे. मी परळ-दादरच्या. आणि यामागे लॉजिक कमी, माझं लहानपण जास्त आहे, हे मी आधीच कबूल करते.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. एकशे ऐंशी फुटांची खोली, पुढे गॅलरी, टोकाला कॉमन संडास. आम्ही पाच जण. पण शाळा पाच मिनिटांवर! पहिली घंटा झाली की जिना उतरायला लागायचे आणि प्रार्थनेला वेळेत उभी असायचे. डबा विसरला तर आजोबा आणून द्यायचे. शाळा सुटल्यावर वाचनालय, संध्याकाळी चौपाटी, परीक्षेच्या दिवसांत समोरच्या काकूंची खोली, कारण त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. घर लहान आहे असं मला कधी वाटलंच नाही. निम्मं घर तर बाहेरच होतं.

हे सगळं मी परवा आईला उत्साहाने सांगत होते. अजून ती त्याच खोलीत राहते. मी मेट्रोने गेले होते. आता थेट गिरगावला स्टेशन झालंय, २०२५च्या ऑक्टोबरपासून. आई भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली,

‘तुला नसेल वाटलं लहान. मला विचारलंस का कधी?’

मग जे कळलं ते मला माहीतच नव्हतं. २००४ साली बाबांनी डोंबिवलीला वन बीएचके बघितला होता. टोकन द्यायचं तेवढं बाकी होतं. मी तेव्हा पहिलीत. ‘पोरीची शाळा सुटेल’ म्हणून बाबांनीच तो विचार सोडला. आई म्हणाली, ‘तुझी शाळा चांगली होती, नाही म्हणत नाही मी. पण कपडे बदलायचे तर सगळे पुरुष गॅलरीत जाईपर्यंत थांबायचं नाहीतर मोरीत जायचं. इतकी वर्षं. मला आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी होती गं, बाकी काही नको होतं.’

मी गप्प झाले. चाळीवर नॉस्टॅल्जियाने लिहिणारे आम्ही सगळे बहुतेक तिथले मुलगे नाहीतर माझ्यासारख्या लाडक्या नाती असतो. मोरीत कपडे बदलणारी बाई असले लेख लिहीत नाही.

तरीही या भागाचा इतिहास माझ्या बाजूने आहे, असं मला वाटत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. मुलाला घातलं एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या खोलीचं वर्णन आहे. सामानाने भरलेली, अभ्यासाला जागाच नाही. म्हणून मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागायचं आणि मग त्याला उठवून स्वतः आडवं व्हायचं. तो मुलगा १९०७ला मॅट्रिक झाला. पुढे बॅरिस्टर झाल्यावरही बाबासाहेब बरीच वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. आणि मग स्वतःचं घर बांधलं, तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभं राहिलं, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून!

हे मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, ‘म्हणजे रात्री दोनपर्यंत जागणार कोण, तू की मी?’

दुसरं उदाहरण त्याच्या आवडीचं. सचिन तेंडुलकर राहायचा बांद्र्याला, साहित्य सहवासात. आचरेकर सरांमुळे शाळा बदलून दादरच्या शारदाश्रममध्ये आला. बसने येऊन-जाऊन, वर दिवसभर क्रिकेट, दमून जायचा. शेवटी तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. १९८८मध्ये कांबळीबरोबर ६६४ रनांची नाबाद पार्टनरशिप केली, ती याच शाळेकडून. तेंडुलकरांनी घर विकलं नाही की घेतलं नाही. पोराचा प्रवासातला वेळ तेवढा वाचवला. मला हे जास्त पटलं, कारण आम्ही चार महिने फक्त फूट मोजत होतो. तास कोणी मोजलेच नव्हते.

मग एका रविवारी आम्ही दोघांनी कागद घेतला. ठाण्यातली शाळा वाईट असते असं कोणी म्हणत नाही. नौपाड्यात सरस्वती आहे, बेडेकर आहे, दोन्ही नावाजलेल्या. पण नौपाड्यात आमच्या बजेटमध्ये टू बीएचके बसत नाही, आणि घोडबंदरहून तिथपर्यंतचा ट्रॅफिक ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. सोसायटीशेजारच्या नव्या शाळेची इमारत विमानतळासारखी आहे. फीसुद्धा. शिवाय नवऱ्याचं ऑफिस लोअर परळला, म्हणजे लेक रोज बाबाला झोपताना बघणार, तेही जागी राहिली तर.

इकडे दादरला पर्याय बघा. शिवाजी पार्कला १९४० सालचं बालमोहन, हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज (आता राजा शिवाजी, पण जुने लोक अजून किंग जॉर्जच म्हणतात), स्टेशनजवळ छबिलदास, परळला आर. एम. भट आणि डॉ. शिरोडकर. मात्र मराठी माध्यमाचे वर्ग गेल्या काही वर्षांत रोडावलेत, हेही खरं. आई-बाबांच्या आठवणीतली शाळा आणि आज तिथे बसणारी मुलं यांची गल्लत करू नका. वर्गात जाऊन बघा. आम्ही दोन ठिकाणी जाऊन बघितलं. एका ठिकाणी जीव रमला, दुसरीकडे नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. अमेरिकेत राहणारी माझी मैत्रीण म्हणते, ‘चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर घेतलं की झालं.’ तिकडे सरकारी शाळा साधारण पत्त्यावर ठरते. आपल्याकडच्या या खासगी शाळांत तसं नाही! खिडकीतून शाळा दिसते म्हणजे ॲडमिशन मिळाली असं होत नाही. आम्ही दीड-दोन कोटींच्या वाटेवर निघालो होतो आणि हातात होतं काय, तर शाळेचा व्ह्यू. नर्सरी ते दहावी होतात तेरा वर्षं. कर्ज वीस वर्षांचं. म्हणजे दहावीनंतर सात वर्षं आम्ही अशा शाळेचे हप्ते भरणार जिथे आमचं कोणी शिकत नाही.

सासूबाई लालबागला राहतात, गणेश गल्लीपासून जवळच. त्यांची चाळ आता टॉवरला जाणार, सह्या झाल्यात. त्यांना पण विचारलं. त्या म्हणाल्या, ‘इथे दार उघडं टाकून पोर शेजारी सोडून जाता येतं, म्हणून लहान जागा चालते. टॉवरमध्ये दारं बंद असतात. तिथे तुमचे साडेतीनशे फूट म्हणजे साडेतीनशेच.’ एवढं मला कुठल्या एजंटने सांगितलं नव्हतं.

काल आईला परळचा फ्लॅट दाखवायला नेलं. तिने किचन बघितलं नाही, व्ह्यू बघितला नाही. सरळ बेडरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. एजंट माझ्याकडे बघायला लागला. दोन मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, ‘चांगली आहे. पण ही दहावीला बसेल तेव्हा तुम्ही दोघं कुठे बसणार?’

आम्ही टोकन दिलेलं नाही. ज्या शाळेत जीव रमला तिचा फॉर्म भरायचा, नंबर लागला तर आसपास भाड्याने राहायचं, आणि साडेबत्तीस लाख तोवर एफडीत. नाही लागला तर घोडबंदरचा विचार पुन्हा, शांत डोक्याने. नवरा याला माझी माघार म्हणतो, मी त्याची म्हणते. एजंटला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, गुरुवारपर्यंत ठेवतो, त्यानंतर गॅरंटी नाही.’

आज सकाळी लेकीचा हात धरून दादरला आम्ही सध्या राहतो त्या बिल्डिंगपासून त्या शाळेपर्यंत चालून बघितलं. सतरा मिनिटं लागली. त्यातली सहा एका मांजरीपाशी गेली.