माझ्या वहीतील भुलाबाई

ही पाने तुम्ही बहुधा दिवसभराची कामे आटोपून, घर निजल्यावर वाचत असाल. मीही एम.ए.चा अभ्यास असाच, नोकरी सांभाळून केला. लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेसाठी तेव्हा मी तयार केलेली एक दोनशे पानी वही आज माझ्यासमोर आहे. तिच्यात भुलाबाईची बत्तीस गाणी आहेत. वीसपैकी सोळा गुण मिळाले होते आणि शेवटच्या पानावर लाल शाईत 'लेखन शुद्ध व नेटके' असा शेरा आहे. त्या शेऱ्यातील 'शुद्ध' या शब्दाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

तुमच्यापैकी जे पुण्या-साताऱ्याकडचे असतील, त्यांना भोंडला किंवा हादगा ठाऊक असेल, खानदेशातल्यांना गुलाबाई. आमच्या विदर्भात भुलाबाई. भाद्रपदातील पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, यांच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या आणि कोजागरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुलींनी त्यांच्यापुढे गाणी म्हणायची. हातात टिपऱ्या. एका घरची गाणी संपली, की पुढचे घर. गाण्यांनंतर झाकलेला खाऊचा डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे. फुटाणे आवाजावरून लगेच कळत. चतुर आया म्हणून शिराच करीत, कारण शिऱ्याला आवाज नसतो. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभारून त्यात भुलाबाई बसे आणि त्या रात्री गाणी संपता संपत नसत.

आम्ही नागपुरात शुक्रवार तलावाच्या बाजूला राहत असू. याच तलावाला जुनी माणसे जुम्मा तलाव म्हणत, आणि पुढे त्याचे गांधीसागर झाले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल जवळच होती. तिच्या भोंग्यावर आमच्या वस्तीचे स्वयंपाक, आंघोळी आणि भांडणे चालत. पाळीवरून परतणारे पुरुष दारात दिसू लागले, की आमची गाणी आवरती घेतली जात. त्या सगळ्या मुलींमध्ये एकच बाई मोठी असे : माझी आत्या.

आत्या आमच्याच घरी राहत असे. लग्न होऊन ती सासरी गेली होती आणि दोन वर्षांनी एका ट्रंकेसह परत आली होती. का, ते घरात कोणी बोलत नसे, आणि मुलांनी विचारायचे नाही हेही आम्हांला कोणी न सांगता कळले होते. लग्न झालेल्या बायका भुलाबाईत सहसा गात नाहीत. त्या खाऊ करतात आणि कौतुकाने ऐकतात. आत्या मात्र आमच्यात बसे. तिच्या लेखी ती माहेरवाशीण होती की लेक, हे ठरवणे कठीण होते, आणि तो महिना हा प्रश्न बाजूला ठेवण्याचा असावा.

तिचे एक आवडते गाणे होते. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरते, तर अंकुर फुटू दे. अंकुर फुटतो, तर वेल चढू दे. मग फूल, मग कारले, मग भाजी. या घाटाची गाणी तुम्ही नक्की ऐकली असतील, कारण ती महाराष्ट्रभर आहेत. लहानपणी आम्हांला त्यात लांबत जाण्याची गंमत वाटे. एका परवानगीसाठी एका बाईला वेलीचा पूर्ण जन्म थांबावे लागते, हे लक्षात यायला मला स्वतः सासरी जावे लागले. बहुतेक ठिकाणी अखेरीस परवानगी मिळते आणि सून नटून माहेरी निघते. आत्या मात्र भाजीपाशी थांबे. भाजी झाली, की ती टिपऱ्या खाली ठेवी आणि म्हणे, "चला वं, खाऊ वळखा." पुढचे कडवे तिला येत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

एम.ए.च्या वर्षी मी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि चार रविवारी आत्याला गायला बसवले. मग कॅसेट ऐकून वही लिहिली. लिहिताना मी काय केले, ते सांगते. आत्या 'मला' म्हणत नसे, 'मले' म्हणे. मी 'मला' लिहिले. ती 'पाणी'ला 'पानी' आणि 'कोण'ला 'कोन' म्हणे. मी प्रत्येक 'न'चा 'ण' केला. तिच्या तोंडी 'ळ' नव्हताच. त्या जागी 'य' येई. डोळे ती 'डोये' म्हणे आणि बाळाला 'बाय'. मी सगळीकडे 'ळ' परत बसवला. एका पाळण्याच्या गाण्यात एका ओळीच्या शेवटी 'माय' होती आणि पुढच्या ओळीच्या शेवटी 'बाय'. माझ्या वहीत 'माय' आणि 'बाळ' झाले. यमक गेले, आणि ते गेले हे मला कळलेही नाही. मी भाषेची विद्यार्थिनी होते!

आणखी एक केले. कारल्याचे गाणे मला अपुरे वाटले. अपुरे गाणे दिले तर गुण कापले जातील, अशी भीतीही होती. म्हणून एका छापील संग्रहातून शेवटचे कडवे घेऊन जोडून टाकले.

वही पूर्ण झाली, तेव्हा मोठ्या अभिमानाने मी ती आत्याला वाचून दाखवली. ती अंगणात तांदूळ निवडत होती. कारल्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर तिने सुपावरची नजर वर केली. "हे कोनाचं गानं होय वं, पोरी?" मी हसले. म्हटले, तुझेच आहे, फक्त शुद्ध करून लिहिले आहे. ती पुन्हा तांदळाकडे वळली. नंतर तिने माझ्यासमोर ते गाणे म्हटल्याचे मला आठवत नाही. तिसऱ्या वर्षी ती गेली. कॅसेटवर तोवर धाकट्या भावाने सिनेमाची गाणी भरून घेतली होती. त्या काळी कोरी कॅसेट घेणे आमच्या घराला महागच पडे, आणि वहीत सगळे उतरले आहे म्हणून मीच त्याला ती वापरू दिली होती.

पुढे शिकवू लागल्यावर दोन गोष्टी वाचनात आल्या आणि दोन्ही वेळा मला ओशाळे वाटले. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने आहेत, आणि ते बोलल्याप्रमाणे लिहिलेले आहेत. इंग्रज सरकारच्या नोकरीतील एका माणसाने आमच्या मुलखाची बोली जशीच्या तशी कागदावर येऊ दिली, आणि आत्याच्या मांडीवर वाढलेल्या मी ती दुरुस्त केली. दुसरी गोष्ट पुण्याची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले असते. माझ्या वहीत 'संकलक' म्हणून माझे नाव आहे. आत्याचे नाव कोठेही नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीच्या पहिल्या पानावरच लिहिलेले होते.

एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. पण गेल्या भाद्रपदात माझी भाचेसून लेकीला घेऊन मुक्कामाला आली. ही नात विशीतली आहे, गिटार वाजवते, स्वतः चाली बांधते आणि मित्रांबरोबर लहानशा कार्यक्रमांतून गाते. तिच्या काही गाण्यांत 'करून राहिलो', 'कायले', 'पोट्टे' असे अस्सल नागपुरी शब्द असतात. मी तिच्या वयाची असताना वर्गात तोंडून 'कायले' निघू नये म्हणून जिवाचे रान करीत असे. तिने वही मागितली. तिला आत्याचे गाणे हवे होते.

कारल्याची चाल मला अजून येते. मी ती गुणगुणून दाखवली. तिने तारा जुळवल्या, वहीतील ओळ म्हटली आणि थांबली. पुन्हा म्हटली. मग म्हणाली, "आजी, हे चालीत बसत नाही. इथं काहीतरी दुसरं असणार." तिला ध्वनिशास्त्र ठाऊक नाही, ग्रिअर्सनही ठाऊक नाही, तिचा कान फक्त खोटे बोलत नव्हता. मी सांगितले, 'मला'च्या जागी 'मले' म्हणून पाहा. ती ओळ बसली. पुढच्या ओळीतला 'ळ' काढला, तीही बसली. त्या दुपारी आम्ही दोघींनी अशा अकरा ओळी परत मिळवल्या. सहा ओळी काही केल्या बसल्या नाहीत. त्यांत आत्या काय म्हणत असे ते मला आठवत नाही, आणि विचारायला कोणी उरलेले नाही.

शेवटच्या कडव्यापाशी आल्यावर तिने विचारले, "हे पण त्याच म्हणायच्या?"

मी नाही म्हटले. भाजी झाली, की त्या टिपऱ्या खाली ठेवीत, एवढेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पहिल्यापासून गाणे म्हटले आणि भाजीपाशी येऊन हात तारांवर आडवा ठेवला.

रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. शेवटच्या कडव्याशेजारी 'छापील पुस्तकातून' असे लिहिले, आणि पहिल्या पानावर 'संकलक' या शब्दाच्या वर आत्याचे नाव. न बसलेल्या सहा ओळींपुढे नुसत्या फुल्या केल्या आहेत.